ड्रायव्हर खुला केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

...आन् वर मलाच इचारत्यात, "नाना, लागला का पडदा?" स्टँडवर इचारत्यात, पिठाच्या गिरणीत इचारत्यात, परवा एका मयतीला गेलो तर तितं, तिरडी बांधता बांधता एकजन हळूच कानाशी येऊन म्हनतो, "नाना, ते कंपनीचं काय झालं वो?" आरं गड्या, ह्याला तरी सुखानं जाऊ दे की! काय सांगू त्याला? न्हाई लागला. बावीसच्या बावीस कांप्युटर, पंखा फिरतोय, हिरवी बत्ती लागतीया, कळा दाबल्या की टकटक वाजतंया, आन् पडदा? काळा! तव्यागत काळा!

तुमास्नी सांगतो, माजं नाव जोतीराम, गाव म्हसवडपासनं दोन कोसावर, बावीस वर्सं फौजेत सिग्नलमधी काढली. गुडघाभर बर्फात उभं ऱ्हाऊन वायरलेस बोलता केलाय म्या. पिन्शन घेऊन घरी आलो, म्हनलं आता निवांत. पर निवांत ऱ्हायला अक्कल लागती, ती माज्याकडं न्हाई. पुण्यातल्या कुठल्याशा हापिसानं जुनं कांप्युटर वाटायला काढलं, मला खबर लागली, मी गेलो आन् टेम्पो भरून घेऊन आलो. ग्रामपंचायतीच्या मागच्या हॉलात मांडलं. बायकांनी हळदीकुंकू लावलं, कुनीतरी सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हनून गुलाल उधळला, त्यो पंख्यातनं आत गेला... आजून चालू केलं की गुलाबी वारा येतोय बगा.

ह्यो सगळा खटाटोप कशापायी? तर पोरींसाठी. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसायचं म्हनलं की सरावाला दहिवडी गाठायची, एसटी सकाळची एक आन् सांजची एक, ती बी आली तर आली. आमच्या विहाराशेजारी अंजना ऱ्हाती, आशाताई हाय गावची, तिची पोरगी माया. बारावी झाली, डोस्क्यानं लय हुशार, पर आई म्हनली, "सांजच्या गाडीचा भरवसा न्हाई, पोरगी तितं अडकली तर म्या कुनाला पाठवू?" बरोबरच हाय की तिचं! पोरगी बसली घरात. मी अंजनाला शबूद दिला, म्हनलं, "ताई, माया गावातच शिकंल आन् परीक्षा पास हून दावंल. फौजी मानसाचा शबूद हाय." शबूद द्यायला काय जातंय वो? जीभ उचलली आन् दिला!

आता झालं काय, मशीनी म्हाताऱ्या. नवं विंडोज घालाय गेलो तर तेच मला सांगतंय, तुमचं मशीन माज्या कामाचं न्हाई. आमची अंकिता, माजी थोरली, सांगलीला इंजिनेरिंगला हाय, ती म्हनली, "नाना, लिनक्स घालू. फुकट हाय, उघडं हाय, जगातली मानसं मिळून बनिवत्यात." सुट्टीला आली आन् दोन दिवसांत बावीस मशीनीत घातलं की पोरीनं! माऊस चालला, कीबोर्ड चालला, प्रिंटर चालला. आन् पडदा? काळा!

मी म्हनलं, "वायर बघ." म्हनली, "नाना, वायर न्हाई, ड्रायव्हर." तर मंडळी, आत एक चिप आसती, पडद्यावर चित्र काढायचं काम तिचं, आन् त्या चिपशी कसं बोलायचं हे ज्या सॉफ्टवेअरला ठावं आसतं त्यो ड्रायव्हर. चिप बनिवली ऑर्बिलॉन नावाच्या परदेशी कंपनीनं, ड्रायव्हर बी तिनंच बनिवला, आन् डबा झाळून बंद करून दिला, आत काय लिवलंय ते कुनी बघायचं न्हाई! जुन्या लिनक्सवर त्यो चालायचा, नव्यावर चालंना. जुनं घालावं तर परीक्षेचं सॉफ्टवेअर चालंना. चिप बदलावी तर ती बोर्डातच डाकलेली. कंपनीला इचारलं तर म्हनती, चिप धा वर्सं जुनी झाली, आता आमी तिच्यासाठी काय करनार न्हाई. बरं बाबा, नका करू! मग डबा उघडून द्या, सोर्स म्हंजे आतलं लिवल्यालं द्या, आमची अंकिता हाय, तिच्यावानी जगात शेकडो पोरं टपून बसल्यात, ती करत्याल दुरुस्त! तर ते बी न्हाई. सोता करनार न्हाईत आन् दुसऱ्याला करू देनार न्हाईत!

मला लगीच ध्यानात आलं. मी म्हनलं, "म्हंजे वायरलेस सेट आपल्या पाठीवर आन् कोडबुक दुसऱ्याच्या खिशात!" अंकिता म्हनली, "नाना, कालेजात सरांनी ह्याला दोन तास घेतलं, तुमी एका वाक्यात सांगितलं." तितंच... तितंच मी बिघडलो बगा. लेकीनं शाबासकी दिली आन् मला वाटलं, हात्तिच्या, ह्यात काय अवघड हाय? एक अर्ज लिवायचा!

लिवला की! "प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, ऑर्बिलॉन कंपनी, पुणे शाखा. विषय : ग्राफिक्स ड्रायव्हर खुला करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की..." मराठीत लिवला. कंपनी पुण्यात, मी साताऱ्याचा, मधी इंग्रज कशाला? रजिस्टर एडीनं पाठिवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, अंकिताच्या ईमेलवर, इंग्रजीत. अंकितानं फोनवर वाचून दावलं, तुमचं म्हननं आमच्यासाठी लय मोलाचं हाय, आन् तुमचा तक्रार नंबर चार-चार-सात-एक-नऊ. बास! त्याच्या म्होरं काय न्हाई! मी त्यो नंबर पाठ केला. फौजेतला माजा नंबर आन् ह्यो नंबर, दोनच नंबर मला झोपेतनं उठवून इचारा. दुसरा अर्ज केला, उत्तर आलं, मोलाचं हाय. तिसरा केला, मोलाचं हाय. आवं, मोलाचं हाय तर कुनीतरी वाचा की!

मग मी ग्रामसभेत इषय घेतला. ठराव क्रमांक सहा, गटारीचा. ठराव क्रमांक आठ, मोकाट कुत्र्यांचा. मधी ठराव क्रमांक सात, "ऑर्बिलॉन कंपनीने आपला ग्राफिक्स ड्रायव्हर जनतेसाठी खुला करावा." आमचे सरपंच लालासाहेब, मानूस दिलाचा मोठा, पर त्यास्नी सगळ्याला एकच औषिद ठावं. म्हनले, "नाना, ही कंपनी आपल्या हद्दीत येती का?" म्हनलं, "न्हाई." "पानीपट्टी भरती का?" म्हनलं, "आवं, न्हाई." "मंग हिचं नळकनेक्शन तोडायचं कसं?" मागनं एक म्हातारी उठली, "आरं पर कुलपाची किल्ली हाय कुनाकडं?" म्हनलं, "आज्जे, कंपनीकडं." "मंग मागा की नीट, भांडताय कशाला?" तुमास्नी सांगतो, सगळ्या सभेत त्या म्हातारीलाच इषय कळला व्हता! ठराव एकमतानं पास, एकशे चौदा सह्या आन् एकवीस अंगठं. पाठिवला. आन् पडदा? काळा!

मग म्हनलं, आता समोरासमोर. फाईल घेतली, इस्तरीचा सदरा घातला, छातीला मेडल लावलं आन् पुण्याला गेलो. काचेची बिल्डिंग, आत येवढी गार की मला सियाचीन आठवलं. एक साहेब भेटाय आलं, ऋषिराज म्हून, तिशीतलं पोरगं, गळ्यात पट्टा, अंगात टी-शर्ट, त्याच्यावर इंग्रजीत लिवलेलं, 'खुलं ते भलं' आसं कायतरी. मला वाटलं, आपलंच मानूस गावलं! म्हनतंय कसं, "जोतीरामजी, मी मनापासून तुमच्या बाजूनं आहे!" म्हनलं, "मग द्या की." "नाही नाही, आमची अख्खी टीम तुमच्या बाजूनं आहे. आम्हाला ओपन सोर्स इतकं आवडतं ना!" म्हनलं, "मग अडलंय कुठं?" "लीगल आहे ना, जोतीरामजी." म्हनलं, "त्यो साहेब कुठं बसतोय? त्याला भेटतो." "तेही तुमच्याच बाजूनं आहेत हो... पण वरती आहे ना." वरती म्हंजे कुठं? तर परदेशात. आन् परदेशात इचारलं तर ते म्हनत्यात, आमी बी तुमच्या बाजूनं हाय! आवं, सगळं माज्याच बाजूनं उभं हाईत, मग पलीकडं हाय तरी कोन? बावीस वर्सं फौजेत काढली, पर दुश्मनच न दिसनारी लढाई पैल्यांदाच बघितली!

मी म्हनलं, "साहेब, धा वर्सांची चिप झाली, आता तुमी बी बनवत न्हाई. जुनं कोडबुक फौजसुद्धा जाळून टाकती. तुमी जाळू नगा, आमास्नी द्या." त्याच्या डोळ्यांत पानी आल्यावानी झालं. मग म्हनला, "जोतीरामजी, किती सुंदर बोलता तुम्ही! मला तुमचं गाव बघायचंय." आन् जाताना मला धा स्टिकर दिलं.

गावात येऊन लालासाहेबास्नी सांगितलं, साहेब येनार हैत. झालं! सरपंचांच्या अंगात वारं शिरलं. म्हनले, "नाना, आता माज्यावर सोडा. आधी सत्कार करायचा. एकदा फेटा बांधला की मानसाला न्हाई म्हनवत न्हाई, लाजंकाजं काम करतोय. त्या रस्त्याच्या साहेबाचा न्हवता का केला?" म्हनलं, "आवं, पर रस्ता कुठं झाला?" "सत्कार तर झाला न्हवं?" आता ह्याला काय बोलायचं? आन् खरं सांगू, मला बी पटलं वो! आपल्याकडं हाय का न्हाई ही रीत? काम व्हायच्या आधी मानसाला यवढं वर चढवायचं, की खाली उतरायला त्याला काम करावंच लागंल.

स्टँडवर फ्लेक्स लागला, बारा बाय वीस! मधी ऋषिराज साहेबाचा फोटू, आन् वर ह्येऽ मोठ्या अक्षरात, "ग्राफिक्स ड्रायव्हर खुला केल्याबद्दल ऑर्बिलॉन कंपनीचे समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुक बत्तीस जन, निम्मी गॉगल घालून, आन् कोपऱ्यात तिकिटायवढा मी. अंकिताला फोटू धाडला तर तिचा सांगलीसनं फोन, "नाना! आवं, केलंय कुठं त्यांनी आजून?" म्हनलं, "करत्याल गं. आपली पद्धत हाय." म्हनली, "नाना, फ्लेक्स काढा. माजं ऐका, काढा." न्हाई ऐकलं. लेकीचं ऐकलं आस्तं तर आज तुमच्या म्होरं उभा ऱ्हायलो आस्तो व्हय?

साहेब आलं. हलगी वाजली. फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, पोरींनी ओवाळलं. लालासाहेबांनी पाऊन तास भाषान ठोकलं, त्यात ड्रायव्हर एकदा आन् गटार चारदा आली. साहेब बोलाय उठलं आन् रडलं की वो! "तुमच्या प्रेमानं मी भारावून गेलोय, असं प्रेम मला हेडऑफिसनं कधी दिलं नाही..." टाळ्या! हॉलात नेला, बावीस काळं पडदं दावलं, प्रत्येकासमोर हात जोडून उभा ऱ्हायला, देवळात फिरल्यावानी. मायानं धीर करून इचारलं, "सर, कवा सुरू व्हतील?" तर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हनला, "बेटा, मी तुमच्याच बाजूनं आहे." फ्लेक्सखाली फोटू काढला आन् गेला.

चार दिवसांनी उत्तर आलं. अंकितानं फोन केला, पर वाचंना. म्हनलं, "वाच की." म्हनली, "नाना, बसा आधी." तक्रार क्रमांक चार-चार-सात-एक-नऊ... निकाली! बंद! कारन काय? ग्राहकानं जाहीर समाधान व्यक्त केलं! आन् खाली पुरावा म्हून काय जोडलाय? आमचा फ्लेक्स! आमच्याच हातानं लावलेला, बत्तीस शुभेच्छुकांचा, कोपऱ्यात माजाच फोटू! म्हनलं, "तक्रार परत उघडा." म्हनत्यात, उघडता येत न्हाई, सुटलेली हाय. "मग नवी घ्या." त्याच इषयाची नवी घेता येत न्हाई, कारन जुनी सुटलेली हाय! तवा मातर मी खोलीचं दार लावून घेतलं आन् रडलो. लढाईत न्हाई रडलो, हितं रडलो. अंजनाला काय तोंड दावायचं? फौजी मानसाचा शबूद!

पर माया लय चिवट. दुसऱ्या दिवशी आली, म्हनली, "नाना, टायपिंगला पडद्याकडं बघायचंच नसतंय, पुस्तकात बघायचं आसतंय. कळा तर चालत्यात न्हवं?" अंकितानं सांगलीतनं कायतरी जुळनी करून दिली, टाईप केलेलं थेट प्रिंटरात जायाचं. पोरगी काळ्या पडद्यासमोर ताठ बसायची, टकाटका टकाटका, पान बाहेर आलं की तवा कळायचं कुठं चुकलं. तिचं बघून बाकीच्या पोरी बी आल्या. बावीस पोरी, बावीस काळं पडदं, आन् एकीची मान वर न्हाई! तालुक्याचं साहेब तपासनीला आलं, म्हनलं, "स्क्रीन बंद का?" माया म्हनली, "सर, मान वर केली की मार्क जात्यात." साहेबानं शेरा मारला, उपक्रम स्तुत्य आहे. मी मातर तवापासनं दर सोमवारी कंपनीला अर्ज. मराठीतच. एक सोमवार चुकिवला न्हाई.

साताऱ्याला परीक्षा झाली. माया पास! मराठी, इंग्रजी दोन्ही, मराठीत तर एक चूक न्हाई! म्हनली, "नाना, तितं पडदा लागल्याला व्हता, मला काय सुधरंना. मग डोळं मिटलं आन् टाईप केलं." अंजना आली, पाया पडाय वाकली, म्या मागं सरलो. कशाच्या पाया पडती, बाई? माजा शबूद तुज्या लेकीनं पाळला, मी न्हाई.

म्हैन्याभरात पेढं घेऊन आली, नोकरी लागली! एजन्सीकडनं पुण्यात, कुठल्यातरी कंपनीत मराठी पत्रांस्नी उत्तरं द्यायची. मी सगळ्या आळीला पेढं वाटलं. आन् मंडळी, पुढच्याच हप्त्यात माज्या अर्जाला उत्तर आलं. मराठीत! पैल्यांदा मराठीत! मी उभ्यानंच वाचलं. "महोदय, आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, सदर तक्रार यापूर्वीच निकाली काढण्यात आलेली असल्याने त्यावर पुढील कार्यवाही करता येत नाही. आपली विश्वासू..." आन् खाली नाव वाचलं. माया! आपली माया! दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. एक चूक न्हाई वो! कानामात्रा जागच्या जागी! माज्या बावीस पडद्यांचा निकाल लावलाय, आन् मला निस्ता अभिमान वाटतोय!

सांजला तिचा फोन आला. रडत व्हती. "नाना, वरनं सांगत्यात तसंच लिवावं लागतंय." म्हनलं, "पोरी, हुकूम म्हंजे हुकूम. मी अर्ज थांबिवतो." तर वरडलीच, "न्हाई नाना! थांबवू नगा! हितं मराठीत पत्र लिवनारं तुमी सोडून कुनीच न्हाई. तुमच्या म्हैन्याच्या चार पत्रांवर माजी जागा टिकलीया. आन् नाना... जरा दोन-दोन पानी लिवता का?"

आता सांगा! दर सोमवारी मी दोन पानं भांडतो, दर गुरवारी ती मला न्हाई म्हून कळवती, आन् अंजनाच्या घरात चूल नीट पेटती. म्हसवडला सिद्धनाथाम्होरं उभा ऱ्हायलो, हात जोडलं. मागू काय? पडदा लागू दे म्हनू, तर अर्ज थांबत्यात आन् पोरगी घरी येती. काळाच ऱ्हाऊ दे म्हनू, तर बाकीच्या एकवीस पोरी आंधळ्यावानी टाईप करत्यात. देव बी माज्याकडं बघत व्हता... त्यो बी माज्याच बाजूनं आसनार!

आन् काल सकाळी अंकिताचा फोन. आनंदानं नुसती उड्या मारतीया, "नाना, नाना, तुमी जिंकला! कंपनी ड्रायव्हर खुला करायचा खरंच इचार करतीया म्हनं! तुमच्या अर्जांची थप्पी बघून परदेशातला मोठा साहेब हलला!" चार वर्सं ज्याच्यासाठी जीव टाकला ते आलं दारात, आन् मला काय दिसावं? डोळ्याम्होरं बॅग घेऊन एसटीतनं उतरनारी माया...

काय करनार? फोन ठेवला, पायांत चपला सरकवल्या आन् तडक लालासाहेबाच्या घरी गेलो. म्हनलं, "सरपंच, कपाटातनं फेटा काढा, फ्लेक्स छापाय टाका. परदेशातल्या साहेबाचा सत्कार करायचाय."